पहिलं नाव मी घेतलं

प्रिय अहो,

निवड झाली. आपल्या संघाचं पहिलं नाव यंदा मी घेतलं, आणि ते शिवाच्या भावाचं घेतलं. हो, महेशचंच. नीट ऐकलंत.

तुमचा धाकटा भाऊ बबन आज सकाळी पाठीला फडकं बांधून हॉटेलच्या दारात उभा राहिला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाला, "वहिनी, दादा वर तळमळत आसंल. त्याला ज्यानं मारलं त्याच्या भावाला नारळ देऊन पाठीशी घातला तुमी!" तुम्ही तळमळताय की पाय पसरून घोरताय, मला इथून कसं कळणार? पण बबन हल्ली तुमच्या फोटोशी तासतासभर बोलतो. त्याच्या तोंडून उलटंसुलटं ऐकण्याआधी माझ्याकडून ऐका, म्हणून लिहायला बसले. आणि मधे बोलू नका. जन्मभर मधे बोललात.

मैदान कसं झालं ते आठवतं का? हॉटेलला लागून टोमॅटोच्या रानाचा तो तुकडा. मी म्हटलं होतं, तिथं कोथिंबीर टाकू, रोजच्या भज्यांना कामी येईल. तुम्ही मला सांगितलंत, "टाकू की," आणि दुसऱ्या दिवशी पोरं बोलावून दगडगोटे वेचून घेतलेत, माती चाळून टाकलीत, चुन्याच्या रेघा मारल्यात. मी चार दिवस बोलले नाही. तुम्हाला कळलंसुद्धा नाही मी बोलत नाहीये ते!

तेव्हापासून ठरून गेलं, मैदान ज्याच्या रानात, संघाचं पहिलं नाव त्या घरानं घ्यायचं. माझी निरगुडसरची भाची परवा विचारत होती, "आत्या, तुमच्यात लिलाव असतो का गं?" मी म्हटलं, नाही बाई, आपल्याकडं बोली नाही. कबड्डी खेळणाऱ्या सगळ्या गड्यांची नावं फळ्यावर लिहितात. गेल्या साली जो संघ तळाला राहिला तो पहिला उठतो आणि नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं त्याच्या हातात नारळ द्यायचा. नारळ हातात घेतला की सालभर तो गडी त्या संघाचा, मग देव खाली आला तरी दुसरीकडं खेळायचं नाही. भाची म्हणाली, "मग तुम्ही कितव्यांदा पहिलं नाव घेताय?" कार्टी हुशार आहे. तुमचा संघ तळ सोडतोय कुठं!

आणि तरी काय ती तुमची चर्चा! निवड जवळ आली की माझ्या हॉटेलात चहापेक्षा तीच जास्त उकळायची. सोपाननाना कंडक्टर, रिटायर झाला तरी गळ्यात शिट्टी, तो पंच असल्यासारखा मधल्या बाकावर. एकीकडं तुम्ही, एकीकडं शिवा. यंदा रेडर घ्यायचा का पकड करणारा घ्यायचा? पुढच्या साली संघ कसा बांधायचा? त्याच्याही पुढच्या साली कुठला पोरगा वयात येतोय? देशाचा कारभार तुमच्यावर सोपवला असता तरी तुम्ही इतका विचार केला नसता. शिवा तर अंगण झाडायला निघालेल्या आईला सांगून यायचा की आण्णाकडं महत्त्वाचं काम आहे.

काय दोस्ती होती हो तुमची! एका कांबळ्यात झोपून मोठे झालेले तुम्ही दोघं. महेश तर रांगायला लागल्यापासून माझ्या हॉटेलात. माझ्या हातची भजी खाऊनच त्याला दात आले म्हणा ना.

गेल्या साली तुम्ही तळेघरला कुणाच्या तरी लग्नाला गेलात आणि तिथं तो किसन बघितलात. भला दांडगा गडी. परत आलात ते वेड लागल्यासारखे. "मंदे, घोटा धरला ना, माणूस मुळासकट उपटून निघतो. चढाई काय, पोरं बी करत्यात. धरणारा मिळत नाय." शिवाचं म्हणणं, महेशला घ्या. घरचा गडी आहे, अंगानं काटकुळा आहे, पण उजव्या बाजूनं आत शिरून कधी बाहेर येतो ते पंचालाही दिसत नाही. आपण नाही घेतला तर नदीपलीकडचे उचलतील.

मीही बोलले होते. भज्यांचा घाणा काढता काढता बोलले होते, महेशला घ्या. किसनच्या घरी भात आहे. झोडणी आली की तो गडी तळेघरला जाणार, आणि तिकडून एसटीची वाट बघण्यापेक्षा चालत आलेलं बरं अशी गत. घरच्या भातापुढं त्याला तुमचा उजवा कोपरा दिसणार आहे का? तुम्ही काय म्हणालात? "तू भजी तळ."

तळली. तुम्ही किसनचं नाव घेतलंत. शिवा उठला, धोतराची धूळ झटकली आणि चालता झाला. पुढच्याच नावाला पलीकडच्यांनी महेशला खांद्यावर घेऊन नाचवलं.

आणि पहिला सामना नेमका पलीकडच्यांशीच! किसन कुठं? तळेघरला, भात झोडत! मी काय भविष्य सांगत होते का? दोन डोळे उघडे ठेवले होते, एवढंच. महेशनं त्या दिवशी आपल्या पोरांची जी धूळधाण केली ती बघवेना. दोन लोण चढले. आपली सगळी पोरं दोनदा बाहेर बसली, आणि तो पोरगा मधल्या रेषेवर उभा राहून श्वाससुद्धा जोरात घेत नव्हता.

त्या संध्याकाळचं मी आजवर कुणाशी नीट बोलले नाही. पोलिसांना सांगितलं ते त्यांच्या प्रश्नांपुरतं.

मी आलं ठेचत होते. दिवे लागायची वेळ. तुम्ही गल्ल्याजवळ तोंड पाडून बसलेले. शिवा आत आला. बाकावर बसला नाही, उभ्यानंच म्हणाला, "आण्णा, येकच शब्द बोल. चुकलो म्हण."

"कशापायी?"

"पोरगं रडलं व्हतं निवडीच्या दिशी. आईला म्हणलं, आण्णाच्या हाटेलात वाढलो आन आण्णानंच नाय घेतलं. तू चुकलो म्हण, मी चहा पिऊन गप जातो."

"नाय चुकलो. तुझा भाऊ माशी हाय माशी. आमच्या पोरांनी धरला नाय म्हणून उडला."

"चुकलो म्हण."

"नाय म्हणत, जा."

सोपाननाना हसत होता. "आरं म्हण की आण्णा, जीभ झडती का तुझी?" आम्ही सगळेच हसत होतो आधी. तुमची असली भांडणं काय पहिलीच होती? पण शिवा काही हसेना. तो पुन्हा म्हणाला, चुकलो म्हण. तुम्ही पुन्हा म्हणालात, नाय. मग त्यानं तुमच्या बंडीची गळपट्टी धरली, आणि तुम्ही हातातला चहाचा ग्लास त्याच्या कपाळावर फोडलात.

पहिला हात तुमचा होता. हे मी पोलिसांनाही सांगितलं आणि कोर्टातही सांगणार आहे. बबन त्यावरून माझ्यावर दात धरून आहे. धरू दे.

रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं. तुम्ही तेवढ्यावर थांबलात का? नाही. त्याचं डोकं धरून फळीवर आपटलंत. एकदा, दोनदा. मी ओरडले, सोपाननाना तुम्हाला ओढायला धावला, बाकडं उलथलं, बरण्या फुटल्या. शिवानं चाचपडत हात लांबवला आणि त्याच्या हाताला माझा बत्ता लागला. आल्याचा चोथा लागलेला, ओला. त्यानं तो तुमच्या कानावर घातला. एकच घाव.

तुम्ही पडला नाहीत. हळूच खाली बसलात, दमलेला माणूस बसतो तसे. माझ्याकडं बघून म्हणालात, "मंदे, दूध उतू चाललंय." आणि मान टाकलीत.

एवढ्या वर्षांचा संसार, आणि जाताना दुधाचं? दुसरं काही सुचलं नाही हो तुम्हाला? आणि मी मूर्ख, मी खरंच वळून आधी गॅस बंद केला! जीप नारायणगावच्या दवाखान्यात पोचायच्या आत तुम्ही गार पडला होतात.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. शिवा पळाला तो उसात शिरला. एरवी बिबट्याच्या भीतीनं भर दुपारी कुणी त्या उसाकडं फिरकत नाही. त्या संध्याकाळी निम्मं गाव काठ्या, कोयते, बॅटऱ्या घेऊन आत घुसलं. बिबट्याच भ्याला असेल. शिवा सापडला. पोलीस येईपर्यंत बबननं त्याच्या उजव्या हाताची बोटं दगडावर ठेवून ठेचली. मला येऊन सांगितलं, "वहिनी, त्याच हातानं मारला व्हता ना?" मी तुमच्या अंगावरचं रक्त पुसत होते.

दुसऱ्या दिवशी शिवाच्या टोमॅटोचा मांडव आपल्या माणसांनी कोयत्यानं तोडला. तारा कापल्या, लालभडक झालेला माल पायांनी तुडवला. म्हातारी आई मधे आली, तिला ढकलली. महेश तिला उचलून आत घेऊन गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. तेव्हापासून त्या घराला कुणी दूध घालत नव्हतं, दळण दळून देत नव्हतं. आणि आपला संघ? अर्धी पोरं पोलीस चौकीत, अर्धी पोलिसांच्या भीतीनं लपलेली. एकाही सामन्याला उतरला नाही. म्हणून पुन्हा तळाला, आणि पुन्हा पहिलं नाव आपलं. ते घ्यायचं कुणी? मैदान ज्याच्या रानात. म्हणजे मी.

तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि आठवडाही गेला नाही तोवर ते सगळे पुन्हा बाकांवर! मला वाटलं होतं, हा विषय आता माझ्या हॉटेलात कुणी काढायचा नाही. कसलं काय! माणूस मेला, पण हौस मेली नाही यांची. "किसनला परत घ्या, आण्णाची इच्छा व्हती." "आरं, किसन यंदा बी भात झोडंल." "पोरगा घ्या येखादा, तीन वर्सांनी तयार व्हईल." सोपाननाना म्हणाला, "खरं बोलू का? तालुक्यात महेशवाणी रेडर न्हाई." सगळ्यांनी कपात तोंड घातलं. मी कपबश्या विसळत होते.

आणि मग बबन बोलला. अगदी शांतपणे बोलला, मला ऐकू जाईल असं. "घेऊ ना महेशला. का न्हाई घ्यायचा? येकदा नारळ हातात आला का तो आपला. सराव आपल्या मैदानावर, पकड करणारी पोरं आपली. पयल्याच दिशी गुडघा असा फिरवू का पुन्हा जन्मात उभा राहिला नाय पाहिजे. खेळात लागतंच की. कोण इचारतंय?"

कुणी हसलं नाही. कुणी नाहीही म्हटलं नाही. एकानं मान डोलावली, मग दुसऱ्यानं. बबन माझ्याकडं वळला. "वहिनी, नाव तेवढं तुमी घ्या. बाकी आमी बघतो."

खोटं कशाला बोलू तुमच्याशी? मला गोड लागलं. पोटातून बरं वाटलं. दिवसभर मी त्या गुडघ्याचा विचार करत होते. आलं ठेचताना, कांदे चिरताना. माझा माणूस माझ्यासमोर मारला, आणि त्यांचा गडी सोन्यासारखा पळत राहणार? मोडू दे की! त्या म्हातारीलाही कळू दे, घरातला माणूस आडवा पडलेला बघताना काय होतं ते. मी बबनला म्हटलं, घेते नाव.

निवडीच्या सकाळी महेश हॉटेलात आला. वर्षभरानंतर त्या घरातलं कुणी माझ्या उंबऱ्याच्या आत आलं ते पहिलंच. वाळला आहे हो. गालफडं आत गेलीत. बाकांवरची माणसं उठायला लागली, मी म्हटलं, "बसा सगळी. चहा संपवा."

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "वहिनी, माझं नाव घेऊ नका. बबनभाऊचा इचार मला कळलाय. गुडघ्याचं न्हाई काही. पर गुडघा गेला तर आईचं कोण बघणार?"

"मग फळ्यावर नाव कशाला दिलंस रे?"

"मी नाय दिलं. शिवादादानं द्यायला लावलं. तुरुंगात भेटायला गेलो का दर खेपंला येकच इचारतो. आण्णाचा संघ यंदा कुणाला घेतोय? पयलं नाव कुणाचं म्हणत्यात?"

अहो, माझा हात कधी उठला ते मला कळलं नाही. अशी थोबाडीत मारली त्याला की माझ्या बांगड्या फुटतील, असं वाटलं. मग आठवलं की हातात बांगड्या नाहीतच. तुरुंगात बसलाय, बोटं वाकडी झालीत, माझ्या नवऱ्याचा जीव घेतलाय, आणि अजून निवडीची चौकशी! अजून त्याला भावाचं नाव पहिलं पाहिजे! महेश हलला नाही. गालावर माझी बोटं उमटली होती, तो तसाच उभा राहिला.

आणि तिथंच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिवाला दुसरं काय पाहिजे होतं? एवढंच ना? ह्याच्यासाठीच ना त्यानं सगळं केलं? मग देते की! गुडघा मोडला तर तो तिकडं बसून म्हणेल, झालं, फिटलं, त्यांनी त्यांचं वसूल केलं. रात्री निवांत झोपेल. त्याचं फिटू द्यायचं नाही मला. त्याच्या ताटात मी तेच वाढणार ज्याच्यासाठी त्यानं माणूस मारला, आणि म्हणणार, खा आता. एक साल दम धरला असतास तर फुकट मिळालं असतं.

निवडीला सगळा तालुका जमला होता. माझं नाव पुकारलं तेव्हा मी नारळ घेऊन उठले. "महेश," मी म्हटलं. आपल्या माणसांनी शिट्ट्या मारल्या, बबननं गुलाल उधळला. त्यांना वाटलं, वहिनी आपल्या बाजूची. महेश समोर आला. सगळ्यांची नजर माझ्या हातातल्या नारळावर. आणि तुम्हाला सांगते, तो नारळ त्याच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं. फार वाटलं. हात खांद्यापर्यंत वर गेलासुद्धा. त्यानं डोळे मिटले, पण डोकं बाजूला केलं नाही. मी नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला आणि मागं वळले.

पहिला सराव दुसऱ्याच दिवशी, शाळा सुटायच्या वेळेला. सरावानंतरचा चहा आपल्या घरचा, ही तुमचीच पद्धत. मी भरलेली किटली घेऊन आधीच जाऊन बसले. बबन उजव्या कोपऱ्यात उभा राहिला. इतकी वर्षं बाहेर बसून शिव्या देणारा माणूस, त्या दिवशी चड्डी घालून मैदानात! महेश चढाईला आला. दम घुमवत आत शिरला, एकाला शिवला, वळला, आणि बबननं त्याचा घोटा धरला. बाकीच्यांनी वरून रास घातली. सोपाननानानं शिट्टी वाजवली. कुणी सोडलं नाही. पुन्हा वाजवली. राशीखालून महेश किंचाळला, आणि मला दिसलं, बबन त्याचा पाय उलटा पिरगळत होता. दातओठ खाऊन, दोन्ही हातांनी.

मी उठले. किटलीचं झाकण काढलं आणि कढत चहा बबनच्या पाठीवर ओतला.

काय ओरडला हो! नदीपलीकडं ऐकू गेलं असेल. रास उधळली. मी किटली घेऊन मधल्या रेषेवर उभी राहिले आणि म्हटलं, "अजून हाय. कुणाला पाहिजे?"

कुणाला नको होता. बबन मातीत लोळत होता. "वहिनी, आवं तो आपला वैरी!"

"वैरी न्हाई, रेडर हाय," मी म्हटलं. "नारळ माझ्या हातचा घेतलाय त्यानं. इथून पुढं त्याच्या पायाला कुणाचा हात लागला, तर या मैदानावर मी ट्रॅक्टर घालीन आन कोथिंबीर टाकीन. मंग बसा रस्त्यावर निवडी करीत."

महेशचा घोटा सुजला, मोडला नाही. बबनची पाठ सोलवटली आहे. मीच रोज कोरफडीचा गर लावायला जाते आणि तो मला शिव्या देत लावून घेतो. तो तुमच्यावर फार जीव टाकतो हो. त्याला हे सोडून दुसरं काही करताच येत नाही.

काल महेश शिवाला भेटून आला. मीच धाडला होता. म्हटलं, जा, सांग त्याला, वहिनीनं पहिलं नाव महेशचंच घेतलं. आणि तोंड कसं होतं ते मला येऊन सांग. मी दिवसभर वाट बघत होते. भजी करपली दोनदा.

तो आला आणि बाकावर बसून राहिला. मी म्हटलं, "काय म्हणला?"

"आधी हसला. लई हसला वहिनी. वर्सभर मी त्याला हसताना नव्हतं बघितलं. खरं का, खरं का, असं दोनदा इचारलं."

"मग?"

"मग म्हणला, 'मंग आण्णा काय म्हणला?'"

मी झारा खाली ठेवला.

"मी त्याच्याकडं बघितलं. मंग त्याच्या ध्यानात आलं. वहिनी, त्यानं जाळीवर डोकं आपटायला घेतलं. धाडधाड. रक्त आलं तरी थांबंना. शिपायांनी वढीत न्हेलं."

हेच पाहिजे होतं ना मला? ह्याच्यासाठीच तर धाडला होता पोराला. मग मला गोड का लागलं नाही? मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले, तुम्ही गेलात तेव्हा रडले नव्हते इतकी. कारण मीही तेच केलं होतं. नारळ दिला आणि मागं वळले ना, ते तुम्ही बाकावरून काय म्हणताय हे बघायला वळले होते! तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल, "येडी हाय ही" म्हणाल, सात पिढ्या उद्धराल, म्हणून वळले. निवडीला तुम्ही बसायचात त्या बाकावर सोपाननाना एकटा होता.

तुम्ही चुकला होतात. शिवाला म्हणाला नाहीत, मला कधीच म्हणाला नाहीत, म्हणून मीच सगळ्या तालुक्यासमोर म्हणून आले. पण चुकीचं नाव घेतलं म्हणून कुणी मरतं का हो? चुकलो म्हणायला लाज वाटते म्हणून कुणी मरतं का? तुम्ही म्हातारे होईपर्यंत दर साली चुकीचं नाव घ्यायला हवं होतंत. आणि मी भज्यांच्या कढईपाशी उभी राहून दर साली तुमच्याशी भांडायला हवं होतं. एवढंच पाहिजे होतं मला. एवढंसुद्धा दोघांनी मिळून ठेवलं नाहीत.

आता शब्द देते तो ऐका. महेशच्या पायाला मी जिवंत आहे तोवर काही होऊ देणार नाही. त्याच्यावरची माझी आग गेली म्हणून नव्हे. ती आहे, रोज त्याला चहा देताना हात भाजतो. पण या मैदानावरून आता दुसरा माणूस उचलून न्यायचा नाही, त्यांचा नाही आणि आपलाही नाही. आणि शिवा सुटून आला, आला तर, तर त्याला मी दारात उभं करीन आणि एवढंच विचारीन, आता बोल, वाद कुणाशी घालायचा?

तुमच्यावर अजून रागावलेली,
मंदा